चार नंबरचे पाय

माझ्या आत्यानं जितके महागडे बूट पायात घातले, तितके कुठल्या राणीनंही घातले नसतील. त्यातला एकही जोड तिचा नव्हता. सकाळी घरातून निघताना तिच्या पायात साध्या कापडी चपला असायच्या, संध्याकाळी परत येताना त्याच. मधल्या आठ तासांत मात्र ती गावातल्या निम्म्या श्रीमंत बायकांच्या बुटांतून चालून आलेली असायची.

तिचं काम होतं जोडे मुरवणं. नवा कोरा बूट चावतो, हे बूट घालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आमच्या गावातल्या सगळ्यात बड्या दुकानाची ख्याती अशी, की त्यांचा बूट पहिल्या दिवशीही चावत नाही. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, कातडंच तसं आहे आमचं, कारागीरच तसा आहे. कातडं चांगलं होतं आणि कारागीरही चांगला होता. पण खरं कारण वरच्या मजल्यावर येरझाऱ्या घालत असायचं.

वरची खोली बावीस पावलं लांब होती. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला पडदा, मध्ये जाड गालिचा. आत्या दहा फेऱ्या डावीकडून वळायची आणि दहा उजवीकडून, कारण एकाच बाजूनं वळत राहिलं तर टाच त्या बाजूला बसते. भिंतीशी पाच पायऱ्यांचा एक लाकडी जिना होता, तो कुठंच जात नव्हता. चढायचं, वर दोन क्षण उभं राहायचं, उतरायचं. पाऊल दुमडतं तिथं बुटावर पहिली सुरकुती पडते, ती सरळ पडायला हवी. पहिली सुरकुती चुकली की बूट जन्मभर चुकतो, असं ती म्हणायची. पायाला पावडर लावून ती पातळ मोजे चढवायची, आणि तळाला डाग लागू नये म्हणून त्यावर पांढरं कापड चिकटवायची. जोड मुरला की मालक स्वतःच्या हातानं ते कापड सोलून काढायचे, बूट पातळ कागदात गुंडाळायचे आणि डब्यात घालून खाली न्यायचे. खाली तो कोरा म्हणून विकला जायचा.

या कामाला आत्याच का, तर तिचा पाय बरोबर चार नंबरचा होता. ना जाडा ना अरुंद, चांभाराच्या लाकडी फर्म्यावरून उतरवल्यासारखा. आणि खानदानी बाईचा पाय चार नंबरचा असतो, असं आमच्या गावात का कोण जाणे, पण ठरूनच गेलं होतं. मागणीच्या चिठ्ठ्यांवर चार, चार, चार. कधीमधी साडेचार आला तर तो लाजत आल्यासारखा बारीक अक्षरात. कारागीरकाका तर आत्याला हाकच तशी मारायचे. "चार नंबर, चहा आलाय!"

गिऱ्हाईक वर आलं की तिनं पडद्याआड जायचं, हा नियम. आपला कोरा बूट आधी दुसऱ्या कुणाच्या पायात होता हे कळलं असतं, तर त्या बायकांना आठ दिवस अन्न गोड लागलं नसतं. दुसरा नियम असा, की गिऱ्हाइकाचा बूट पायात असताना खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही.

खाली दुकानात काचेचं एक कपाट होतं. मालकांना जोड्यांच्या इतिहासाचा भारी शौक, त्यांनी जुन्या काळातल्या जोड्यांचे नमुने करवून त्यात मांडले होते, आणि मोठं गिऱ्हाईक आलं की त्यांचं व्याख्यान सुरू. एका जोड्याची चोच इतकी लांब, की घालणारा ती दोरीनं गुडघ्याला बांधायचा. एकाची टाच लाल, कारण कुठल्याशा दरबारात लाल टाच फक्त मानकऱ्यांनी घालायची, बाकीच्यांनी नाही. एकाखाली वीतभर उंच लाकडी ठोकळे. तो घालणारी बाई चिखलाच्याही वर आणि लोकांच्याही वर, पण तोल सांभाळायला दोन्ही बाजूंना दासी लागायच्या.

"त्या दासींचे जोडे कुठेत?" असं मी एकदा विचारलं होतं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, शाळा सुटली की आत्याला घेऊन घरी जायला दुकानात यायची.

मालक हसले. "त्यांचे कोण ठेवतंय, बाळ?"

वाटेत आत्या म्हणाली, "कपाट नीट बघितलंस ना? त्यातला एक तरी जोड घालून बाजारापर्यंत जाता येईल का? जितकं कमी चालता येईल तितका माणूस मोठा. आणि चालायचं काम आपल्याकडे." हे सांगताना ती रडकुंडीला वगैरे आली नव्हती, चांगली हसत होती. आत्याचा स्वभाव तसा होता. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली, आणि माझ्या बाबांना, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाला, रोज एकदा तरी निरुत्तर केल्याशिवाय जेवली नाही.

एकच गोष्ट तिला लागलेली होती. वरच्या खोलीत आरसा नव्हता. खाली होता, माणूसभर उंच. वीस वर्षांत आत्यानं स्वतःच्या पायातला बूट वरून वाकून पाहिला होता, पण समोरून कसा दिसतो ते कधीच पाहिलं नव्हतं. एकदा दुकान बंद होताना तिनं मालकांना विचारलं, "एकदा आरशात बघू का? गिऱ्हाईक नाहीये कुणी."

मालक म्हणाले, "पायीची वहाण पायीच बरी." म्हणजे बूट नव्हे, आत्या. ती गप्प बसली. पण आत्या गप्प बसली म्हणजे विसरली, असं समजण्यात अर्थ नसे.

त्या वर्षी गावाच्या नगराध्यक्षपदी पहिल्यांदा एक बाई निवडून आल्या. वकीलबाई. गावातल्या जुन्या, गब्बर घराण्याच्या सून, कोर्टात उभ्या राहिल्या की समोरच्याला घाम फुटायचा. निवडून आल्यावर भाषणात त्यांनी सांगून टाकलं, "पहिल्या दिवशी मी गाडीतून येणार नाही. घरापासून नगरपालिकेपर्यंत पायी येईन. ज्याला जे सांगायचंय ते त्यानं वाटेत सांगावं." अंतर दीड मैल. टाळ्या पडल्या, आणि विरोधक म्हणाले, बघू की कशा येतात.

त्या दिवसासाठी वकीलबाईंनी आमच्या दुकानात बूट सांगितले. चिठ्ठीवर नंबर चार. काळं कातडं, बंद टाच, पुढं एकच बारीक पट्टी. कारागीरकाकांनी जीव ओतला आणि आत्यानं तो जोड नऊ दिवस मुरवला. घरी येऊन सांगायची, "असा जोड झाला नाही कधी. पायात आहे का नाही, कळत नाही." बूट बरोबर आठ दिवस आधी पोचते झाले.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. बरोबर निरोप, की चावतात.

मालकांनी सगळ्यांदेखत आत्याला उभी-आडवी घेतली. "वीस वर्षांत एक तक्रार नाही, आणि आली ती या बाईंची! सोमवारी अख्खं गाव रस्त्यावर असणार. आमचे बूट घालून त्या लंगडल्या तर दुकानाला टाळं लागेल. पण त्याच्या आधी तू जाशील, लक्षात ठेव."

नोकरी जाईल याची धास्ती आत्याला होतीच. पण तिला जास्त झोंबलं ते "चावतात" हे. तिनं मुरवलेला बूट चावतो? तिनं डबा काखेत मारला, कातडं ताणायचा लाकडी फर्मा पिशवीत टाकला आणि कुणाला न विचारता वकीलबाईंच्या घराची वाट धरली. पुढचं सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, एकदा नव्हे, शंभरदा.

वकीलबाई अभ्यासिकेत बसल्या होत्या, कागदांचे ढीग, पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले. आत्यानं सांगितलं, "मी दुकानातून आलेय. पाय बघायचेत."

"पाय कशाला? बूट ताणून द्या."

"कुठं ताणायचे ते पाय बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"नंबर दिलाय मी."

"दिलाय खरा, बाई. नंबर माझाच आहे तो. तुमचा कुठला ते बघायला आलेय."

आता या वाक्यावर दुसऱ्या कुणी तिला जिन्यावरून खाली घालवून दिलं असतं. वकीलबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या मोलकरणीला बाहेर पाठवलं, आणि सावकाश पाय पुढे केले.

ते साडेपाच नंबरचे पाय होते. रुंद, बोटं पंख्यासारखी फाकलेली, टाचांना जुन्या भेगांच्या काळ्या रेघा. आत्या जन्मभर पायांतच वावरलेली, तिला एका नजरेत कळलं. हे पाय लहानपणी उन्हातान्हात अनवाणी चाललेले होते. आणि त्यांच्यावर, करंगळीशी, अंगठ्याशी, टाचेमागं, घट्टे. ते मात्र बुटांनी दिलेले.

"आई खडी फोडायची," वकीलबाई म्हणाल्या. "मीही. चौदा वर्षांची होईपर्यंत पायात काही नव्हतं. मग शाळेतल्या बाईंनी शिकवलं, हुशार निघाले, या घरात पडले. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, बुटाचा नंबर काय? मला नंबर असतो हेच माहीत नव्हतं. तिथं बसलेल्या कुणीतरी आपला चार सांगितला होता तो ऐकला होता. मीही चार म्हणाले."

"कधीची गोष्ट?"

"तीस वर्षं झाली."

"तीस वर्षं चारमध्ये!" आत्या जवळजवळ ओरडलीच.

"मागून उघडे घ्यायचे. टेबलाखाली काढून ठेवायचे. चालायचं किती, गाडीपासून खुर्चीपर्यंत." त्या जरा हसल्या. "पायी येते असं बोलून बसले तेव्हा पायांना विचारलंच नव्हतं."

आत्या सांगायची, त्या क्षणी तिला राग आला, आणि रडूही आलं, आणि हसूही. गावात झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं झाकलेला पाय होता. आणि तिच्या लक्षात आपलीही चूक आली. वीस वर्षं दुकानानं चिठ्ठीवरच्या नंबरावर विश्वास ठेवला होता. बड्या बाईच्या पायाला माप लावायचं म्हणजे तिच्यावर शंका घ्यायची, म्हणून कुणी पाय बघितलेच नव्हते. नऊ दिवस खपून आत्यानं जगातला सगळ्यात सुरेख जोड मुरवला होता, आणि तो फक्त तिच्या स्वतःच्याच पायाला होणार होता.

"हा फर्मा काही कामाचा नाही," ती म्हणाली. "नवा जोड करावा लागेल. साडेपाच, रुंद. काका गुरुवारपर्यंत करतील, ते माझ्याकडे लागलं. पण तो मी मुरवू शकत नाही. माझा पाय त्यात पोहेल."

"मग कोण मुरवणार?"

"तुम्ही. शुक्रवार, शनिवार, रविवार. दुकान उघडायच्या आधी दोन तास यायचं."

वकीलबाईंनी पाय पुन्हा खुर्चीखाली ओढून घेतले. मग म्हणाल्या, "आत नंबर मात्र चार उठवा."

"बुटाला खोटं बोलता येत नाही, बाई, पण तुम्ही म्हणाल तसं," आत्या म्हणाली आणि निघाली.

मालकांना तिनं एवढंच सांगितलं, की नवा जोड करायचाय, वकीलबाईंचा हुकूम आहे. वकीलबाईंचं नाव घेतल्यावर मालकांची काय बिशाद! कारागीरकाकांनी मात्र तिनं कागदावर काढून आणलेला वकीलबाईंचा पाय पाहिला, आत्याकडे पाहिलं, आणि कामाला लागले.

शुक्रवारी सकाळी सातला नगरीच्या भावी अध्यक्षा मागच्या दारानं, जिथून आत्या वीस वर्षं येत होती, त्या दारानं वर आल्या. आत्यानं परत आलेला चार नंबरचा जोड स्वतःच्या पायात चढवला होता, पाऊल कसं टाकायचं ते दाखवायला. तळाला सवयीनं पांढरं कापडही चिकटवलं होतं. दोघी गालिच्यावर शेजारी शेजारी चालू लागल्या.

"पाय घासू नका. उचला. टाच आधी. आता डावीकडून वळा. नऊ झाल्या, अजून एक. आता उजवीकडून."

"कोर्टात मला असं कुणी बोललं नाही," वकीलबाई धापा टाकत म्हणाल्या.

"कोर्टात तुम्ही चालता कुठं? जिना चढा."

शनिवारी त्यांचं पाऊल सुटलं. तीस वर्षं त्या बोटं आवळून, जमिनीला घाबरल्यासारख्या चालत होत्या. आता बोटांना जागा मिळाली आणि ती खडीवरची मुलगी परत आली. लांब टांगा, सरळ पाठ. रविवारी बुटावर पहिली सुरकुती सरळ पडली. कारागीरकाका नंबर उठवायचा ठसा घेऊन वर आले. "कुठला मारू?"

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. मुद्दामच.

"साडेपाच," वकीलबाई म्हणाल्या. मग मान वळवून आत्याच्या पायांकडे पाहिलं. "आणि ते बूट तुम्ही काढू नका. माझ्या मापाचे ते कधीच नव्हते. तुमचेच आहेत. उद्या तेच घालून माझ्याबरोबर चला."

"छे हो. गिऱ्हाइकाचा बूट घालून मी या खोलीबाहेर जात नाही."

"मी तुम्हाला दिलेत."

"बघू," आत्या म्हणाली, आणि घरी येताना तिच्या पायात नेहमीच्या कापडी चपलाच होत्या. डबा काखेत होता.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "माणसानं पायरी ओळखून असावं." आत्यानं पहिल्यांदाच त्यांना उत्तर दिलं नाही. डबा उघडून बघत बसली.

सोमवारी दुकानासमोर ही गर्दी. मी आत्याचा हात धरून दुकानाच्या पायरीवर उभी होते, तिच्या दुसऱ्या काखेत तो डबा, मालक नव्या कोटात दाराशी, काका त्यांच्या मागं. लोकांच्या नजरा वकीलबाईंच्या चेहऱ्यावर नव्हत्या, पायांवर होत्या. विरोधकांनी तर पैजा लावल्या होत्या, म्हणे तिसऱ्या चौकात गाडी मागवतील.

आणि त्या आल्या. वाटेत म्हाताऱ्याकोताऱ्यांचं ऐकत, पोराटोरांना हाका मारत, अशा काही चालत आल्या की बरोबरच्या पुरुषांना धावावं लागत होतं. एक मैल झाला होता आणि पाऊल तसूभर वाकडं पडत नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं. ती ओठ न हलवता मोजत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

दुकानासमोर वकीलबाई थांबल्या. गर्दीही थांबली. त्यांनी आत्याच्या पायांकडे पाहिलं, कापडी चपलांकडे, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

आत्या पायरीवर बसली. सगळ्या गावासमोर तिनं चपला काढल्या, डबा उघडला, तो काळा जोड पायात चढवला. मग एकेक पाय मांडीवर घेऊन तळाचं पांढरं कापड स्वतःच्या हातानं सोललं. चर्र असा आवाज झाला. मालक पुढे झाले, "अगं, हे काय चाललंय?"

"पायीची वहाण पायीच बरी," आत्या म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत."

मागं वळून ती आधी दुकानात गेली. माणूसभर उंच आरशासमोर उभी राहिली, समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं. अख्खी मिरवणूक तेवढा वेळ बाहेर ताटकळत होती. मग ती बाहेर आली, पायरी उतरली आणि रस्त्यावर पाय ठेवला. "चला," ती वकीलबाईंना म्हणाली. उरलेला अर्धा मैल दोघी बरोबरीनं चालल्या, आणि मी मध्ये.

मालकांनी तिला काढलं नाही. काढणार कसं, पुढच्या महिनाभरात गावातल्या बायकांच्या चिठ्ठ्यांवर पाच, साडेपाच, सहा, एकीचा तर साडेसहा असे नंबर यायला लागले. खऱ्या चार नंबरच्या बायका गावात मोजून तिघी निघाल्या. बाकीच्यांनी नंबर उघडा पडू नये म्हणून वीस वर्षं चावणं सोसलं होतं, तक्रार केली नव्हती. वरच्या खोलीतला पडदा निघाला, तिथं आरसा आला आणि खिडकीशी एक खुर्ची आली. आत्या खुर्चीत बसायची आणि बड्या बड्या घरच्या बायका तिच्यासमोर आपापले बूट स्वतः मुरवायच्या. "वळा," ती सांगायची, आणि त्या वळायच्या.

तो काळा जोड तिनं रोज घातला. बाजाराला, दवाखान्यात, माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला, माझ्या लग्नाला. चार वर्षांनी त्याचा तळ गेला तेव्हा काकांनी नवा लावून दिला, आणि जुना टोपलीत टाकू लागले. आत्यानं हात धरला.

तो तळ आता माझ्याकडे आहे. अंगठ्याखाली रुपयाएवढं भोक, टाचेची कड घासून पातळ झालेली, दोन्ही बाजूंनी सारखी. घरात कुणी आलं की मी तो कपाटातून काढून दाखवते, आणि लोक विचारतात, हे काय जपून ठेवलंय? मग मी सांगते. माझ्या आत्यानं वीस वर्षांत हजारो जोडांमधून पायपीट केली आणि एकाचाही तळ झिजू दिला नाही. हा तिनं झिजवलेला आहे.